तिसरा कौल

मुक्ता आणि निखिल, गेल्या हिवाळ्यात तुम्ही दोघं आलात, तेव्हा मुक्ताने मला एक प्रश्न विचारला आणि मी तो चहाच्या निमित्ताने टाळला. मी रोज सकाळी देवांना आंघोळ घालते, पुसते, गंध लावते, फूल ठेवते आणि हात न जोडताच उठते, हे तिच्या लक्षात आलं होतं. "आजी, तू नमस्कार का नाही करत?" त्यावर निखिल म्हणाला, "अगं, आजी फक्त मेंटेनन्स बघते." आपण तिघंही हसलो आणि विषय तिथेच राहिला. पण परवा मुक्ताचा फोन आला. तिच्या मैत्रिणीची लहानगी आजाराने गेली, आणि भेटायला येणारा प्रत्येकजण त्या आईला सांगत होता की देव जे करतो ते भल्यासाठीच. मुक्ता रडत नव्हती, चिडली होती. म्हणाली, "आजी, हे खरं असेल तर देव वाईट आहे, आणि खोटं असेल तर लोक वाईट आहेत. तुला काय वाटतं?" फोनवर इतकं बोलता येत नाही. शिवाय माझ्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याचा भरवसा नाही, तेव्हा लिहायचं ते आत्ताच लिहायला हवं. मला काय वाटतं हे सांगण्याआधी मी काय पाहिलं ते सांगते. माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे, मी क्रमानेच सांगणार.

आमचं गाव श्रीवर्धनच्या अलीकडे, समुद्राला लागून. घराच्या मागे सुपारीची वाडी, वाडीच्या मागे सुरूची बारीक रांग, आणि मग एकदम वाळू. वाडीत भर दुपारीही सावली असायची. पोफळी इतक्या उंच आणि दाट की ऊन खाली पोचेपर्यंत त्याचे तुकडे होत. पहाटे रहाट सुरू व्हायचा. बैल गोल फिरायचा, रहाटाचा कण्हल्यासारखा आवाज यायचा, आणि पाणी पन्हळींतून झाडांच्या आळ्यांत जायचं. तो आवाज थांबला की आम्हाला जाग येई, सुरू असेपर्यंत नाही. त्याच्यामागे समुद्र होताच. आम्हा मुलांना घरात शांतता म्हणून काही असते हे माहीतच नव्हतं. पुण्याला मामाकडे शिकायला गेले तेव्हा पहिल्या रात्री मला झोप आली नाही, कारण काहीच वाजत नव्हतं.

घरात आम्ही मोजकीच माणसं. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. आई, नानांची थोरली बहीण आत्या, माझ्याहून चार वर्षांनी मोठी ताई, आणि मी, कमू. आत्या लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतली होती. तिचं सोवळं, तिची तुळस आणि तिची जीभ यांना घरात सगळेच भीत. उन्हाळ्यात तिच्या देखरेखीखाली अंगणात फणसपोळ्या वाळत. कावळा आला तर ती काठी उगारायची आणि आम्ही आलो तरी तीच काठी उगारायची. "कावळा निदान एकदाच चोच मारतो गो, तुम्ही बोटं चाटून परत येता." संध्याकाळी पडवीत सगळ्या बायका सुपाऱ्या सोलायला बसत. वाळलेल्या फळाचं साल काढताना एक कोरडा, तुटक आवाज होतो. बोलणं चालू असलं तरी तो आवाज थांबत नसे. ताईचा हात सगळ्यांत जलद. ती खाली बघतही नसे. माझ्याकडे बघून तोंडं वेडीवाकडी करत सोलायची आणि मी हसले की आत्याचा ओरडा मी खायची.

नाना मऊ माणूस होते. मी त्यांना कुणावर हात उगारताना पाहिलेलं नाही, बैलावरसुद्धा नाही. मुंबईहून आठवड्याने येणारं वर्तमानपत्र ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आणि त्यातलं आम्हा मुलींना समजावून सांगत. मात्र घरातला कोणताही मोठा निर्णय ते स्वतः घेत नसत. विहीर कुठे खणायची, वाडी कुणाला कसायला द्यायची, मुलीचं कुठे ठरवायचं, हे सगळं ते गावच्या भैरवाला विचारत. आमच्याकडे त्याला कौल लावणं म्हणतात. तुम्ही ते पाहिलेलं नाही म्हणून सांगते. गुरव, म्हणजे देवळाचा पुजारी, देवाच्या दोन्ही खांद्यांवर तगरीची एकेक कळी ओली करून चिकटवतो. मग देवाला प्रश्न सांगतो. उजवी कळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही म्हणाला. कधी लगेच पडते, कधी ताटकळत ठेवते. पडेपर्यंत कुणी उठायचं नाही. घरून फुलांची परडी न्यायचं काम लहानपणापासून माझ्याकडे होतं, म्हणून मी खांबाशी बसून असे पुष्कळ कौल पाहिले. मला ते फार आवडायचं. आपल्या मनातलं देवाला इतकं नीट कळतं आणि तो इतकं सरळ उत्तर देतो, याहून मोठा आधार लहान मुलाला काय हवा असतो?

माझ्या शिक्षणाचा कौलही याच भैरवाने दिला. मुलीला इंग्रजी शिकायला पुण्याला ठेवायचं म्हणजे गावात हसू होणार होतं. आत्या म्हणाली, "शिकवा, शिकवा. उद्या साहेबाच्या पंक्तीला बसेल."  दुसऱ्या दिवशी नाना मला परडी घेऊन चल म्हणाले. उजवी कळी टपकन पडली. त्यानंतर आत्याही गप्प बसली, कारण देवापुढे तिची जीभ चालत नसे. मी वाळूवरून घरापर्यंत धावत आले होते. पुढच्याच वर्षी ताईसाठी दोन स्थळं आली. एक अलिबागकडचा शाळामास्तर, दुसरा मुंबईत कचेरीत नोकरीला असलेला मुलगा, घरचा चांगला, पहाटे उठून स्तोत्रं म्हणणारा. मुंबईच्या मुलाला देवाने उजवा कौल दिला. ताई मला म्हणाली, "बघ, तुला पुणं आणि मला मुंबई. भैरव दोघींनाही गावात ठेवायला तयार नाही."

ती मुंबईला गेली ती दोन वर्षं आलीच नाही. 'बरं आहे' एवढाच निरोप येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर यायचा. मग एका मे महिन्यात मी सुट्टीला घरी असताना, कुणालाही न कळवता, ती आगबोटीने आली. त्या काळी मुंबईची बोट किनाऱ्यापासून लांब उभी राहायची आणि उतारूंना होडीतून आणत. मी किनाऱ्यावर शिंपले वेचत होते. होडीत एका शेजारच्या कुटुंबाबरोबर एक वाळकी बाई बसली होती. ती खाली उतरून गुडघाभर पाण्यातून चालायला लागली तेव्हा चालीवरून मी तिला ओळखलं. "ताई!" म्हणून ओरडले. ती पुढे जात राहिली. मी तिच्या डाव्या अंगाला होते. पळत जाऊन हात धरला तेव्हा ती इतकी दचकली की तिची पिशवी पाण्यात पडली. मग मला मिठी मारली आणि म्हणाली, "कमू, या बाजूने हाक मारू नकोस गो. या कानाने काही येत नाही."

घरी आल्यावर आईने एकेक करून काढून घेतलं. सासू स्वयंपाकघराला कुलूप घालायची. नवरा वरवर शांत, चारचौघांत अतिशय सभ्य. दार लावून मारायचा. कानावर मारलं त्या दिवशी रक्त आलं होतं, आणि डॉक्टरकडे न नेता सासूने कोमट तेल घालून ठेवलं. ताई हे सगळं पानावरून माशी हाकलावी तसं सांगत होती. आईने तिला पाटावर बसवून मऊभात वाढला, वर आमसुलाचं सार, आणि ती जेवत असताना तिच्या उजव्या बाजूला बसून राहिली. बाहेर रहाट चालू होता. ताई मान एका बाजूला करून ऐकत होती. म्हणाली, "अर्धाच वाजतोय." मला हसू आलं, मग तिलाही आलं. आई उठून चुलीपाशी गेली आणि बराच वेळ पाठमोरीच राहिली.

आता खरा प्रश्न होता तो बोटीचा. ती आगबोट खाली दक्षिणेला जाऊन दोन दिवसांनी परत मुंबईला निघायची, आणि मोसमातली ती शेवटची बोट होती. पावसाळ्यात आगबोटी बंद, त्या नारळी पुनवेनंतरच सुरू व्हायच्या. खुष्कीने मुंबई गाठायची तर वाटेत खाड्या आणि चिखल. म्हणजे ताई या बोटीने गेली तर गेली, नाहीतर चार महिने माहेरी राहणार, आणि न विचारता घर सोडून आलेल्या सुनेला चार महिन्यांनी ते लोक दारात उभं करणार नाहीत, हे सगळ्यांना कळत होतं. आईला तेच हवं होतं. ती पडवीत नानांसमोर उभी राहिली. मी तिला नानांपुढे अशी उभी राहिलेली त्याआधी कधी पाहिली नव्हती. "पोरीचा एक कान घेतलाय त्यांनी. दुसरा घेईपर्यंत थांबायचं का?"

नाना म्हणाले, "देवाने दिलेलं स्थळ आहे. देव चुकीचं कसं देईल?"

"मग चुकलं कोण?"

याचं उत्तर आत्याने दिलं. ती सुपारी सोलत होती आणि तिने मान वर केली नाही. "देव कुणाचं वाईट करत नाही. ज्याचं त्याचं मागल्या जन्मीचं असतं. मी नाही का भोगलं? मी म्हटलं का कधी देव चुकला म्हणून?" आणि थोड्या वेळाने, "आणि धाकटीचा विचार करा. नवऱ्याने टाकलेली बहीण घरात असली तर हिला कोण करणार? इंग्रजी शिकलेली आधीच कुणाला नको असते."

मुक्ता, तुझ्या मैत्रिणीला लोक जे सांगतात ते आणि आत्या म्हणाली ते, यात फरक फार थोडा आहे. देव चांगला आहे असं एकदा ठरलं, आणि समोर रक्त आलेला कान आहे, तर मधल्या हिशेबात कुणाला तरी दोषी धरावंच लागतं. नवरा लांब होता. ताई समोर बसली होती. देवाला निर्दोष ठेवायला माझ्या बहिणीला दोषी ठरवण्यात आलं, तेही तिच्यावर माया करणाऱ्या माणसांकडून, सुपारी सोलता सोलता. आत्यावर मी पुष्कळ वर्षं राग धरला. आता माझं वय तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त आहे आणि मला एक गोष्ट दिसते. ताईचं दुःख विनाकारण आहे असं म्हटलं असतं तर आत्याचं स्वतःचंही विनाकारण ठरलं असतं. आयुष्यभर तिने जे कारण उराशी धरलं होतं ते तिच्याने कसं सोडवणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना म्हणाले, "कमू, परडी घे." देवळात आम्ही तिघंच होतो. नाना, भिवा गुरव आणि मी. भिवा वयाने नानांएवढाच, लहानपणी दोघं बरोबर पोहायला शिकलेले. त्याने ताम्हणात कळ्या भिजवल्या, दोन्ही खांद्यांवर एकेक चिकटवली आणि हात जोडले. "बा भैरवनाथा, नाना तुझ्या पायाशी आला हाय. लेकीला सासरी धाडू म्हणतो. धाडायची असंल तर उजवा दे, न्हाय तर डावा दे." आम्ही वाट बघत बसलो. फार वेळ लागला नाही. डावी कळी घरंगळली आणि पायापाशी पडली. देव नाही म्हणाला. मला इतकं हलकं वाटलं की मी मोठ्याने हसले. भिवाही हसला. "झालं. ऱ्हाऊ दे पोरीला घरी."

नाना उठले नाहीत. म्हणाले, "भिवा, प्रश्न नीट मांडला गेला नाही. असं विचार, मुलगी माहेरी ठेवून घेऊ का?"

भिवाने नव्या कळ्या लावल्या, नवा प्रश्न घातला. या वेळी बराच वेळ गेला. नानांच्या कपाळावर घाम होता. पुन्हा डावीच पडली. म्हणजे देव पाठवू नको म्हणाला आणि ठेवू नको असंही म्हणाला. भिवाने कपाळाला हात लावला. "नाना, द्येवाच्या मनात आज बोलायचं न्हाय. उद्या बघू."

"उद्या बोट आहे."

"मंग तुमीच काय ते ठरवा. तुमची लेक हाय."

"मी कोण ठरवणार?" नाना म्हणाले. मला वाटतं, आयुष्यात त्यांनी इतक्या खरेपणाने दुसरं काही उच्चारलं नसेल. "आणखी एकदा विचार. तिचं कल्याण त्याच घरी आहे ना, एवढंच विचार."

भिवाने तिसऱ्यांदा कळ्या घेतल्या. उजव्या खांद्यावरची त्याने नुसती टेकवली. डावी लावताना मात्र तो थांबला, नानांकडे बघितलं, आणि अंगठ्याने ती कळी दगडावर दाबून धरली, पाकिटावर तिकीट दाबतात तशी. मी खांबाशी होते, मला स्पष्ट दिसत होतं. नानांनाही दिसत होतं. त्यांची नजर भिवाच्या अंगठ्यावर होती. मग त्यांनी डोळे मिटले आणि हात जोडले. भिवाचं गाऱ्हाणं पुरं होण्याआधीच उजवी कळी पडली.

देवळातून निघालो तेव्हा नाना पुढे होते. मी परडी घेऊन मागून चालत होते आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. माझ्या पुण्याच्या कौलाला उजवी कळी इतकी टपकन का पडली होती? तेव्हाही भिवाने अंगठा दाबला होता का? मी तेव्हा त्याच्या हाताकडे बघत नव्हते, देवाच्या तोंडाकडे बघत होते. दाबला असेल, तर नानांना माझं शिक्षण मनापासून हवं होतं आणि आत्याचं तोंड बंद करायला त्यांनी देवाला पुढे केलं. म्हणजे त्यांना हवं ते देवाकडून वदवून घेता येत होतं. तसं असेल तर ताईसाठी त्यांना काय हवं होतं? या प्रश्नावर मी वाळूतच थांबले. नाना पुढे गेले होते.

पडवीत सगळ्या होत्या. ताई सुपाऱ्या सोलत होती, चांगला कान आमच्याकडे करून. नाना म्हणाले, "भैरवाने उजवा दिला."

मी म्हणाले, "आधीचे दोन डावे पडले. सांगा ना, नाना."

"कमू, आत जा."

"भिवाने अंगठा लावला. तुम्ही बघितलंत. मी बघितलंय तुम्हाला बघताना."

"आत जा." आवाज चढलेला नव्हता. पण माझ्याशी बोलताना त्यांनी तोंड वाडीकडे केलं होतं. आत्या म्हणाली, "देवाच्या कामात पोरीटोरींनी तोंड घालायचं नसतं. हेच शिकवतात वाटतं पुण्याला?" आई उठून स्वयंपाकघरात गेली. ताईचे हात तेवढ्यापुरते थांबले. आयुष्यात पहिल्यांदा मला तिच्या सुपारीचा आवाज बंद झालेला ऐकू आला. मग तिने विचारलं, "नाना, बोट किती वाजता येते?"

मी स्वयंपाकघरात आईच्या मागे गेले. "तू काहीच का बोलत नाहीस?" आई केळीची पानं पुसत होती. तिने तांदळाचं पीठ कालवलं, पानावर पसरलं, वर दुसरं पान घातलं आणि तव्यावर टाकलं. ताईला पानगी फार आवडायची. "बोलायचं ते सगळं बोलून झालं," आई म्हणाली. "आता तिच्या वाटेतल्या खाण्याचं बघू दे मला." पान करपल्याचा वास घरभर पसरला. मला आजही पानगी खाववत नाही. तुमची आई विचारायची, एवढी चांगली लागते, तू का घेत नाहीस, तर मी पित्ताचं कारण सांगत असे.

नाना स्वतः तिला पोचवायला मुंबईला निघाले. मी किनाऱ्यावर होते. कोळ्यांनी होडी पाण्यात लोटली, ताई मागच्या बाजूला बसली, मांडीवर पानग्यांचं गाठोडं. होडी वळली तेव्हा तिची डावी बाजू किनाऱ्याकडे आली. मी तिला हाका मारल्या. पुष्कळ मारल्या. होडीतले इतर लोक वळून बघत होते. नानाही बघत होते. फक्त तिने बघितलं नाही, कारण तिला काही ऐकू येत नव्हतं. नानांनी तिच्या खांद्याला हात लावून तिला वळवलं असतं तर वळली असती. त्यांनी लावला नाही. कदाचित त्यांना भीती वाटली असेल की ती वळली तर उतरेल.

पुढे मी कॉलेजात गेले. तर्कशास्त्राच्या तासाला आमच्या प्राध्यापकांनी एकदा फळ्यावर हा जुना पेच मांडला. जगातलं वाईट देवाला कळत नाही, की कळतं पण थांबवता येत नाही, की थांबवता येतं पण थांबवायचं नाही? वर्गातली मुलं हिरिरीने वाद घालत होती. कुणी म्हणालं, वाईटाशिवाय चांगलं कळणार कसं. कुणी म्हणालं, माणसाला स्वातंत्र्य दिलंय त्याने. मी वही मिटून बसले होते. फळ्यावरचा देव मला ओळखीचा वाटत नव्हता. माझ्या ओळखीचा देव नाही म्हणाला होता. पहिल्याच प्रश्नाला, स्वच्छ नाही म्हणाला होता. आणि मग एका अंगठ्यापुढे तो हो म्हणाला. त्याला इतकंही धरून ठेवता आलं नाही? ती एक कळी? मुलांचा वाद देव आहे की नाही यावर होता. माझं दुःख वेगळं होतं. मी त्याच्यावर विसंबले होते, आणि ऐन वेळी तो नानांना सामील झाला. विश्वासघात कुणी केला, नानांनी की भैरवाने, हे मी तेव्हा वेगळं काढू शकले नाही. खरं सांगायचं तर अजूनही नीट काढू शकत नाही.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. त्या दिवसानंतर नानांनी कौल कधी लावला नाही. रोज देवळात जात, दिवा लावत, प्रदक्षिणा घालत, पण विचारत काही नसत. माझं लग्न ठरवताना तर ते म्हणाले, "तुला पसंत आहे का तेवढं सांग." गावाला त्याचं नवल वाटलं. शेवटच्या आजारात मी त्यांच्याजवळ होते. एका दुपारी त्यांनी विचारलं, "वत्सूला ऐकू येतं का गो आता?" वत्सू म्हणजे ताई. मी म्हटलं, "नाही." त्यांनी मान हलवली आणि भिंतीकडे वळले. याहून जास्त ते कधी बोलले नाहीत, आणि मीही त्यांना ते सोपं करून दिलं नाही.

ताई त्या घरात नवरा मरेपर्यंत राहिली. मूल नव्हतं. विधवा झाल्यावर दिरांनी तिला वेगळं हो म्हटलं, तेव्हा मी जाऊन तिला आमच्याकडे आणलं. तुमची आई तेव्हा शाळेत होती. ताईने बरोबर आणलं काय, तर दोन लुगडी आणि एका फडक्यात बांधलेले देव. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, एक घंटा. मला राग आला. दुसऱ्याच दिवशी मी तिला विचारलं, "ताई, तू अजून यांना फुलं वाहतेस?"

"मग कुणाला वाहू? तुझ्या नवऱ्याला? त्याला शिंका येतात."

"थट्टा नको. काय केलं यांनी तुझ्यासाठी?"

"काही नाही केलं." ती फूल ठेवता ठेवता म्हणाली. "पण दार लावून मारायचा ना तो, तेव्हा खोलीत माझ्याबरोबर कोण होतं? तू होतीस? नाना होते? हेच होते बिचारे, कोनाड्यात बसलेले."

"असून काय उपयोग झाला?"

"सोबत काय उपयोगासाठी असते?"

"तोही रोज यांच्याच पाया पडायचा, ताई. तुला मारून झाल्यावरसुद्धा."

 तिने मान वळवली आणि ऐकू न येणारा कान माझ्याकडे केला. वाद संपवायचा असला की ती तसंच करायची, आणि त्या पद्धतीला माझ्याकडे शेवटपर्यंत उत्तर सापडलं नाही.

आता मुक्ता, तुझ्या प्रश्नाकडे. त्या आईला जे सांगतात ते खरं नाही, एवढं मी ठामपणे म्हणेन. जे झालं ते भल्यासाठी नव्हतं. ताईचा कान भल्यासाठी गेला नाही. माझं लग्न अडू नये म्हणून तिला परत पाठवलं हेही भल्यासाठी नव्हतं, जरी त्यातून पुढे जे भलं झालं त्यात तू आणि निखिलही आहात. देव आहे का, तो वाईट आहे का, हे मला सांगता येत नाही. ताईला सोबत मिळाली, मला मिळाली नाही. आमच्या दोघींपैकी मार तिने खाल्ला होता, म्हणून तिचं म्हणणं मी खोटं ठरवू शकत नाही. आणि मी पडवीत उभी होते, म्हणून माझं मी सोडू शकत नाही.

आजारपणात तिने मला एवढंच सांगितलं, "यांना उपाशी, पारोसे ठेवू नकोस. तुझा विश्वास नसू दे. त्यांना आंघोळ लागते." मी हो म्हटलं.

वाडी विकली गेली. घराच्या जागी कुणाचं तरी हॉटेल आहे. भैरवाच्या देवळाला चकचकीत फरश्या बसल्या आहेत म्हणे, मी पाहिल्या नाहीत. आई, नाना, आत्या, भिवा, ताई, कुणीच नाही. ताईचे देव आहेत. बाळकृष्णाचं नाक घासून सपाट झालंय, घंटेचा आवाज अजून चांगला आहे. मी त्यांना रोज आंघोळ घालते. काही विचारत नाही.